न घेतलेलं पातेलं

वैशाख लागला की नगर रस्त्यावरून मांडववाल्यांचे टेम्पो जायला लागतात. मागं बांबू, कनाती, गुंडाळलेल्या सतरंज्या, आणि त्यांच्यावर उपडी घालून दोरखंडानं आवळलेली मोठमोठी पातेली. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती एकमेकांवर आपटतात. शिरूरमधली माझी खोली रस्त्याला लागूनच आहे. रांजणगावच्या कंपनीची बस यायच्या आधी मी दारात उभा असतो, तेव्हा रोज एखादा तरी टेम्पो समोरून जातो आणि माझी नजर आधी पातेल्यांच्या कानांवर जाते. कान म्हणजे उचलायच्या कड्या. त्या कशानं बसवल्यात, रिबिटं किती आहेत, एखादी ढिली झालीय का. टेम्पो वेगात असतो, काही धड दिसत नाही. तरी मी बघतो. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात, मामाचं गाव आठवतं. मला एकच उन्हाळा आठवतो, आणि तो आठवताना तोंडाला करपलेल्या डाळीची चव येते.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती ती. रांजणगावच्या माळावर नुकत्याच कंपन्यांच्या शेडा उभ्या राहत होत्या आणि आयटीआय करून मी त्यातल्या एका शेडमध्ये वेल्डर म्हणून लागलो होतो. निळा शर्ट, छातीवर नावाचा बिल्ला. आमच्या बौद्ध वस्तीतला कंपनीत लागलेला मी पहिला. माझे वडील, म्हणजे आप्पा, जन्मभर दुसऱ्यांच्या रानात कांदे काढत आले, पाटाचं पाणी धरत आले. मी कामावरून आलो की ते माझा शर्ट स्वतःच्या हातानं खुंटीला अडकवायचे. त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं लग्न ठरलं.

घोड नदी तेव्हा डबक्या-डबक्यांपुरती उरली होती. दुपारी वस्तीवर पान हलत नसे. कांद्याच्या वखारींचा उग्र वास घरात भरून राहायचा, पांघरुणाला यायचा, भाकरीलासुद्धा यायचा. आई दारात बसून पापड लाटायची आणि दर दोन पापडांनंतर एकच विचारायची, "भांड्यांचं काय करायचं?"

त्या प्रश्नामागं बरंच काही होतं. गावाची म्हणून मोठी भांडी होती. देवळामागच्या खोलीत ती ठेवलेली असायची आणि कुणाच्याही घरी कार्य निघालं की दिली जायची. वस्तीला ती कधी मिळाली नव्हती. देणार नाही, असं कुणी म्हटलं होतं असंही नाही. म्हणायची वेळच येत नसे, कारण आम्ही मागत नव्हतो. आमच्यात लग्न असलं की घराघरातून लहान पातेली गोळा व्हायची, सात-आठ चुली पेटायच्या आणि सात-आठ चवींची आमटी व्हायची. पंगतीचं एक टोक तिखटानं हाय-हाय करायचं आणि दुसऱ्या टोकाला अळणी लागायची. लोक हसण्यावारी न्यायचे. आप्पाही हसायचे. पण या खेपेला त्यांनी मागायचं ठरवलं. मला वाटतं, खुंटीवरच्या त्या निळ्या शर्टानं त्यांना धीर दिला असावा.

मी त्यांच्याबरोबर गेलो. खोलीची किल्ली ज्यांच्याकडे असायची त्यांना सगळे तात्या म्हणायचे. ते देवळाच्या कट्ट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते. आप्पा खाली उभे राहिले. त्यांनी लग्नाची तारीख सांगितली, आमंत्रण केलं आणि मग म्हणाले, "तात्या, भांडी लागत व्हती."

तात्या सुपारीकडं बघतच म्हणाले, "भांडी बाहेर दिल्यात रे. लगीनसराई हाय."

"कवा येतील?"

"त्याचं काय सांगावं."

तात्यांच्या पाठीमागं खोलीची खिडकी होती. खिडकीला गज होते, झडप नव्हती. आत भिंतीला टेकून पातेली ओळीनं उपडी घातलेली दिसत होती. त्यातल्या एका पातेल्याच्या बुडावर मांजर झोपलं होतं. मी ते पाहिलं. आप्पांनी पाहिलं. आम्ही पाहिलं हे तात्यांनीही पाहिलं आणि ते पुन्हा सुपारी कातरायला लागले. आप्पा म्हणाले, "बरं, येतो." घरी येऊन माठातलं पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "आपुन आपली घिऊ."

त्याच संध्याकाळी समाजमंदिरात वस्ती जमली. घरटी जमेल ते द्यायचं आणि वस्तीची स्वतःची भांडी करायची, एवढंच ठरलं. ती सुमनच्या लग्नाला पहिल्यांदा वापरायची, मग ज्याच्या घरी कार्य असेल त्याला. लोक उठले तेव्हा एक म्हातारे आप्पांना म्हणाले, "मी हाय तवर आणा." ते ऐकून मला वाटलं होतं की ही नुसती भांडी नाहीत. आजही वाटतं.

हौसाआत्या लग्नाच्या तीन आठवडे आधी आली. आप्पांची ही थोरली बहीण दौंड तालुक्यात खुटबावला दिली होती. नवरा लवकर गेला. मंगल नावाची एक मुलगी, तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. आत्यानं गुऱ्हाळावर काम करून तिला वाढवली. आमच्या घरी येताना ती गुळाची एक ढेप फडक्यात बांधून आणायची आणि ढेपेबरोबर स्वतःचा म्हणून धुराचा एक वास आणायची, चिपाडाच्या जाळाचा, जळलेल्या मळीचा. तो तिच्या केसांत, लुगड्यात मुरलेला होता. तिचे हात कोपरापर्यंत भाजल्याच्या पांढऱ्या डागांनी भरलेले होते. उकळत्या काहिलीतून उडालेल्या रसाचे ते डाग. लहानपणी मी ते मोजायचो आणि ती मोजू द्यायची.

उघड्यावरच्या जाळावर शिजवायचं ज्ञान तिच्याइतकं कुणाला नव्हतं. खुटबावच्या आसपास कुणाकडे लग्न, दहावं, जावळ असलं की आत्याला बोलावणं यायचं. जाळाचा चर कुठल्या अंगाला खणायचा, वारं कुठून येतं, बाभळीचं लाकूड कधी घालायचं आणि कधी ओढायचं, हे ती उभ्या-उभ्या सांगायची. वस्तीची भांडी घ्यायचीत म्हटल्यावर ती खूष झाली. त्या रात्री जेवताना तिनं आम्हाला भांडं कसं बघायचं ते सांगितलं. मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात.

"घरातल्या चुलीवरचं भांडं येगळं आन् चरावरचं येगळं," ती म्हणाली. "घरात जाळ आपल्या हातात आस्तो. भाईर जाळ वाऱ्याच्या हातात. तवा बूड जाड पायजे. पातळ बुडाला जाळ एका जागी धरतो आन् तिथंच लागतं. पोट गोल पायजे, म्हंजी पळी फिरती. काठ दुमडल्याला पायजे. आन् कान बघायचं. भांडं रिकामं आस्ताना कुणीबी उचलतं. भरल्यालं, तापल्यालं उचलायचं आस्तं, तवा समदा भार कानावर येतो."

"आणि धातू कुठला?" मी विचारलं.

"जर्मन चालतंय, जाड आसलं तर. वाकलं तर ठोकून सरळ करता येतं. तांब्याचं लई चांगलं, पर कल्हई कोण करीत बसनार दर साली?"

दोन दिवसांनी आम्ही तिघं शिरूरला गेलो. आम्ही शिरूरला घोडनदीच म्हणतो. आप्पा, आत्या आणि मी. दुकान मोठं होतं. बाहेर स्टीलच्या हंड्यांच्या उतरंडी लावलेल्या, त्यांच्यावरून ऊन डोळ्यांत घुसत होतं. आत गेल्यावर काही वेळ काही दिसलंच नाही. दुकानदारानं आम्हाला खाली बसायला चटई दिली, पाणी दिलं. पेल्यातून दिलं. आप्पांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

आत्या बसली नाही. ती दुकानाच्या मागच्या बाजूला गेली आणि बराच वेळ तिथंच होती. मग तिनं हाक मारली. कोपऱ्यात मोडीच्या ढिगाशेजारी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, चार मोठी पातेली एकात एक घालून ठेवली होती. कुण्या आचाऱ्यानं धंदा बंद करताना विकलेली. बाहेरून काळी ठिक्कर. पोटाला पोचे. सगळ्यांत मोठ्या पातेल्याचा काठ एका बाजूला दबलेला. आत्यानं ते ओढून उजेडात आणलं होतं आणि ती त्याच्या बुडावरून तळहात फिरवत होती.

"ह्ये बघ," ती मला म्हणाली. "बूड केवढं हाय बघ. आन् ह्ये कान. एकेका कानाला चार-चार रिबिटं. आतून-भाईरून ठोकल्याली. ह्ये आपल्या नातवंडांना पुरंल."

मी त्या पातेल्याकडं पाहिलं. मला त्याची काजळी दिसली. पोचे दिसले. दुसऱ्या कुणी वापरून टाकलेलं दिसलं. लहानपणापासून माझ्या अंगावर दुसऱ्यांच्या मुलांचे उतरलेले सदरे होते, शाळेत दुसऱ्यांची फाटकी पुस्तकं होती. आईनं सणाला वाड्या-वस्त्यांवरून आणलेलं दुसऱ्यांच्या घरचं उरलेलं मी खाल्लं होतं. आणि आता वस्तीनं पहिल्यांदा स्वतःचं म्हणून काही घ्यायचं, तर तेही कुणाचं तरी टाकलेलं, काळं.

"आत्या, हे नको," मी म्हणालो. "नवं घेऊ. स्टीलचं घेऊ."

"स्टील बुडाला धरतं रं."

"आता चांगलं येतं. कंपनीत आम्ही स्टीलवरच काम करतो."

दुकानदारानं स्टीलची पातेली पुढं मांडली. एकावर एक, चार. आतून-बाहेरून आरसा. आप्पा वाकले तेव्हा त्यांचा चेहरा पातेल्यात दिसला. त्यांनी टोपी सारखी केली. मग ते हळूच म्हणाले, "ह्याच्यावर नाव घालता येतं का?"

"येतं की. मशीन हाय," दुकानदार म्हणाला.

आत्यानं सगळ्यांत मोठ्या पातेल्याचा कान धरून हलवला. रिबिट नव्हतं. कान थेट पातेल्याच्या अंगाला वेल्ड केलेला होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. "ह्ये चिकटवल्यालंच हाय," ती म्हणाली. "ह्ये तुझं काम. तू सांग. धरंल का?"

मी खाली बसलो आणि वेल्ड पाहिला. दिसायला सुबक होता. आमचा सुपरवायझर रोज एक गोष्ट सांगायचा, की वेल्ड दिसतो कसा याला किंमत नाही, तो आत किती उतरलाय याला आहे, आणि ते ठोकल्याशिवाय कळत नाही. मला ते माहीत होतं. मला हेही दिसत होतं की दोनच ठिकाणी टाचल्यासारखा वेल्ड आहे, पत्रा पातळ आहे. दुकानदाराकडं हातोडी मागता आली असती. पण त्यानं आम्हाला चटई दिली होती, पेल्यातून पाणी दिलं होतं. त्याच्या नव्या कोऱ्या भांड्यावर हातोडी मारायची माझी छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर मला ती पातेली हवी होती. तात्यांच्या खिडकीतल्या भांड्यांपेक्षा ती लखलखीत होती.

"धरेल," मी म्हणालो. "काही होत नाही."

आत्यानं पातेल्याचा कान सोडला. मग म्हणाली, "तू म्हंतोस तर घिऊ."

दुकानदाराच्या मुलानं मशीननं टिंब-टिंब पाडत प्रत्येक पातेल्यावर 'बौद्ध वस्ती' असं कोरलं. खाली साल. टेम्पो वस्तीवर आला तेव्हा बायका-पोरं गोळा झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ते म्हातारे काठी टेकत आले, पातेल्यात डोकावले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

लग्न सकाळी अकराला होतं. उजाडायच्या आत समाजमंदिरामागं चर पेटला. आत्यानं पातेल्यांना बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला, म्हणजे काजळी चिकटत नाही. नव्या स्टीलवर माती फासलेली मला आवडली नाही. भात उतरला, वांग्या-बटाट्याची भाजी उतरली. बुंदी आदल्या दिवशीच पाडली होती. मोठ्या पातेल्यात आमटी उकळत होती. लाउडस्पीकरवर भीमगीतं लागली होती. वऱ्हाड आलं, पांढऱ्या साडीत सुमन आली. त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले, फुलं पडली. मी पुढं होतो. आप्पांनी सुमनच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली अर्धी घटका असावी, असं मी मानत आलो आहे.

पंगत बसायला लागली म्हणून मी मागं गेलो. आत्या पळी घेऊन आमटी खरवडत होती. करपट वास सुटला होता.

"बुडाला लागाय लागली," ती म्हणाली. "लाकडं वढली, पर इंगळ लई झाल्यात. भांडं उचला आन् बाजूला घ्या."

दोन्ही कानांत दोरखंड ओवले, वरून बांबू घातला. चौघे जण होतो, दोन एका टोकाला, दोन दुसऱ्या. मी पुढच्या टोकाला. पातेलं हेलकावू नये म्हणून आत्यानं ओलं गोणपाट घेऊन काठ धरला. "हळू," ती म्हणाली. "एकदम झटका नगं." आम्ही उचललं. पातेलं चरावरून वीतभर वर आलं, बाजूला आलं. मग माझ्या खांद्यावरचा भार एकाएकी नाहीसा झाला. एवढंच मला जाणवलं. भार नाहीसा झाला.

कान निघाला होता. पातेलं आत्याच्या बाजूला कलंडलं.

ती ओरडली नाही. तोंड उघडून नुसता श्वास आत घेतला आणि खाली बसली, आमटीतच बसली. कमरेपासून खाली सगळं. लग्नासाठी आईनं तिला नवी साडी घेतली होती, नायलॉनची. मी ती सोडवायला गेलो तेव्हा साडीबरोबर जे हाताला आलं ते मी लिहिणार नाही. लाउडस्पीकर चालू होता. पुढच्या अंगाला कुणाला काही कळलं नव्हतं. मुलं पत्रावळी वाटत होती.

आप्पा धावत आले. त्यांनी पाहिलं. मग पुढं पंगतीकडं पाहिलं, पुन्हा आत्याकडं पाहिलं. आत्या दातांवर दात दाबून म्हणाली, "लोकान्ला वाढा. भात-भाजी वाढा. नवरीला कळू देऊ नगा."

आम्ही तिला मांडववाल्याच्या टेम्पोत घातली. आधी घोडनदी, मग पुण्याचा सरकारी दवाखाना. वस्तीवर लोक जेवले. सुमनला सांगितलं, आत्याचा पाय भाजलाय, पट्टी बांधायला नेलंय. ती त्याच समजुतीत सासरी गेली. तिला खरं कळलं ते पाचव्या दिवशी. आज तिला दोन मुलं आहेत, संसार बरा चाललाय. पण ती आपल्या लग्नाचा दिवस पाळत नाही. त्या तारखेला कुणी फोन केला तर घेत नाही.

आत्या आठ दिवस होती. जाळीच्या मच्छरदाणीत, अंगाला कपडा लागू नये म्हणून कमान करून ठेवलेली. वॉर्डात पंखे होते, पण तो वास हलायचा नाही. मी रजा टाकून तिथंच होतो. मंगल आईच्या उशाशी बसून असायची. एका दुपारी ती पाणी आणायला बाहेर गेली तेव्हा मी आत्याला म्हणालो, "आत्या, मला तो वेल्ड कच्चा दिसला होता. तरी मी धरेल म्हणालो."

तिचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.

"मलाबी दिसला व्हता," ती म्हणाली. "मी गप बसले. तुज्या आप्पानं त्या भांड्यात बघून टोपी नीट केली. लई वर्सांनी त्याच्या तोंडावर तसलं काय दिसलं व्हतं. मला न्हाई मोडवलं."

नंतर तिनं पाणी मागितलं. मला क्षमा केली का, असं मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. तिनं केली नाही आणि दोषही दिला नाही. जे होतं त्यातला स्वतःचा वाटा तिनं उचलला आणि माझा माझ्याकडंच ठेवला.

आत्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे दिवसकार्याचा, स्वयंपाक उरलेल्या तीन पातेल्यांतच करावा लागला. दुसरी भांडी नव्हती. आदल्या दिवशी मी त्यांचे कान काढले, ड्रिलनं भोकं पाडली आणि रिबिटं ठोकली. एकेका कानाला चार. दिवसभर वस्तीत त्या ठोक्यांचा आवाज येत होता आणि कुणी मला थांब म्हणालं नाही. त्या दिवशी तात्या आले होते. समाजमंदिराच्या पायरीशी चप्पल काढून उभे राहिले. आप्पांना म्हणाले, "लई वाईट झालं. सांगितलं आस्तं तर दिली आस्ती की भांडी."

आप्पा खाली बघत होते. "मागितली व्हती," ते म्हणाले.

तात्यांनी चप्पल घातली आणि ते गेले. आप्पांनी पुढं हा विषय काढला नाही. पण मी कामावरून आलो की माझा शर्ट ते खुंटीला अडकवायचे, ते बंद झालं. रागानं नाही. त्यांच्या लक्षात राहिनासं झालं. त्यांच्या बऱ्याच गोष्टी लक्षात राहिनाशा झाल्या.

पंधरवड्यानं मी त्या दुकानात गेलो होतो. का गेलो ते मलाच ठाऊक नाही. कोपऱ्यात मोडीचा ढीग होता, जर्मनची पातेली नव्हती. "ती व्हय? गेली," दुकानदार म्हणाला. "पारनेरच्या एका आचाऱ्यानं नेली. माल चांगला व्हता." त्याला मी आठवत नव्हतो. मी त्याला काही सांगितलं नाही. चूक त्याची आहे असं म्हणायला मी गेलोच असेन, तर तिथं पोचल्यावर ते तोंडातून निघालं नाही. त्यानं विकायला ठेवलं होतं. धरेल असं मी म्हणालो होतो.

कंपनीत मी आणखी वर्षभर वेल्डिंग केलं. मग तपासणीच्या खात्यात गेलो. आता नवी मुलं येतात, बिहारची, मराठवाड्याची, आणि मला घाबरतात. दिलीपभाऊ एक जॉब सोडत नाही, प्रत्येक वेल्ड ठोकून बघतो, असं म्हणतात. साहेब लोक कौतुक करतात. दिवाळीला एकदा त्यांनी मला सगळ्यांसमोर घड्याळ दिलं. ते मी कधी बांधलं नाही.

वस्तीची भांडी आता वाढली आहेत. गावाची भांडीही आता मागितली तर मिळतात म्हणे, पण आता ती कुणालाच लागत नाहीत. गॅसच्या शेगड्या घेऊन आचारी येतो, भांडी त्याचीच असतात. चर खणायची गरज उरलेली नाही. समाजमंदिरात पातेली धूळ खात पडलेली असतात. सगळं इतकं सोपं झालंय की काही वर्षं उशिरा जन्मलो असतो तर, असा विचार मनात येतो आणि मी तो तिथंच सोडतो.

गेल्या तीन वर्षांत मंगल आमच्याकडे आली नाही, असं नाही. लग्नकार्याला येते, जयभीम घालते, माझ्या बायकोशी बोलत बसते. पण तीन वर्षांपूर्वी जे झालं ते सांगायला हवं.

मंगल खुटबावलाच दिलेली आहे. गावच्या शाळेत मुलांना शिजवून द्यायचं काम तिच्या बचत गटाला मिळालं. पत्र्याच्या शेडखाली, लाकडावर. तिनं मला निरोप पाठवला की पातेलं घ्यायला दौंडला ये, तुला पारख आहे. मी कामाचं कारण सांगितलं. तिनं पुन्हा निरोप दिला. मग गेलो.

दौंडच्या स्टँडपासून बाजाराकडं आम्ही चालत होतो. ऊन कडक होतं. ती उत्साहानं बोलत होती, किती मुलं आहेत, किती तांदूळ लागतो. दुकानाच्या पायरीवर मी थांबलो. तिला आत नेऊन मला एक शब्दही बोलता आला नसता. म्हणून तिथंच सांगितलं. हातोडी मागितली नाही ते, दोन टाचे दिसले होते ते, धरेल म्हणालो ते. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"आईला ठावं व्हतं?"

"हो."

"मला न्हवतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "तू हितंच थांब."

ती एकटी आत गेली. बाहेरून मला दिसत होतं. तिनं एक-एक पातेलं उपडं करून पाहिलं, बुडावर तळहात फिरवला, कान धरून ओढले. दुकानदाराला पाणी भरून आणायला लावलं आणि त्याच्याबरोबर भरलेलं पातेलं उचलून पाहिलं. घाई केली नाही. अर्ध्या-पाऊण तासानं पदराची चुंबळ करून, पातेलं डोक्यावर घेऊन ती बाहेर आली. जाड जर्मनचं होतं. मी हात पुढं केला नाही. तिच्या मागं-मागं स्टँडवर आलो.

तिनं पातेलं खाली ठेवलं. गाडीला वेळ होता.

"आई गेल्यावर दोन वर्सं मी तुमच्या घरी व्हते," ती म्हणाली. "तू मला सायकलवर शाळंत सोडायचास. पावसात सोताची टोपी माज्या डोक्यावर घालायचास. माज्या लग्नात तूच माज्यामागं हुबा व्हतास. मला वाटायचं, सख्खा भाऊ काय करंल एवढा जीव ह्यो लावतो."

मी पातेल्याच्या कानावरची रिबिटं मोजत होतो.

"मी तुज्यावर रागावले न्हाई, दादा," ती म्हणाली. "पर आता मला त्ये समदं पयल्यापास्नं परत बगावं लागंल."

खुटबावची गाडी लागली. लोक चढायला लागले. ती वाकून पातेलं उचलायला लागली तसा मी पुढं झालो, पण तोवर कंडक्टरनं खाली उतरून ते तिच्या हातातून वर घेतलं होतं.